कपिलीची गोष्ट

केरी, सत्तरी
१२ फेब्रुवारी

प्रिय सदा,

तुझा फोन दोनदा आला, दोन्ही वेळा मी डोंगरात होतो, रेंज नव्हती. तसंही हे फोनवर बोलवलं नसतं.

गेल्या महिन्यात भाच्याच्या सोयरिकीसाठी म्हसळ्याला गेलो होतो. चिरगाव तिथून जवळच, म्हटलं गिधाडं बघून येऊ. उंच झाडाच्या शेंड्यावर काटक्यांचा ढीग, खाली पानांवर चुना सांडल्यासारखी शीट. एक गिधाड पंख पसरून उन्हात बसलेलं, कुंपणावर वाळत घातलेल्या घोंगडीसारखं. पाठीला खाली पांढरा पट्टा, पांढऱ्या पाठीचं गिधाड म्हणतात तेच. घरट्यात एकच पिल्लू. वर्षाला एक अंडं, आणि ते पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं! तिथले लोक मेलेलं जनावर पुरत नाहीत, गिधाडांसाठी मुद्दाम नेऊन टाकतात. एका म्हाताऱ्याला विचारलं, वास येत नाही? म्हणाला, "दोन दिवस येतो. पुरलं तर कुत्री उकरतात, मग आठ दिवस येतो."

परतताना बसमध्ये मला आपली कपिली गाय आठवली.

२०११ साल. तू तेव्हा शिकायला बाहेर होतास. तिची कास सुजली, ताप चढला. डॉक्टर मिळेना म्हणून मी दुकानातून माणसांच्या डायक्लोफेनॅकची, म्हणजे दुखण्या-सुजेवरच्या औषधाची, मोठी बाटली आणली आणि स्वतःच टोचलं. गुरांसाठी ते २००६ पासूनच बंद होतं, पण मला कोण सांगणार? माणसांची बाटली ३ मिलीच्या वर नको, हा नियम २०१५ मध्ये आला, तो माझ्यासारख्यांमुळेच. तिसऱ्या दिवशी कपिली गेली. तिला ओढून माळावर टाकली. आई अजून समजते, फुरसं चावलं.

पुढचं तुला पाठच आहे, पण लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यातून जात नाही. असं औषध टोचलेलं मढं खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बसतात, आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर धरतो. शंभर मढ्यांत एक जरी असं निघालं तरी थवे संपायला पुरतं. १९९२ ते २००७ एवढ्या काळात या जातीच्या हजारातलं जेमतेम एक उरलं. कपिलीवर गिधाडं आली नाहीत. आली असती तर मीच त्यांना विष वाढलं असतं. आली नाहीत, कारण ते आधीच कुणीकुणी वाढून ठेवलं होतं.

इथं सगळे म्हादईचं जंगल वाचवा म्हणतात. बरोबरच आहे, मीही म्हणतो. १९९९ पासून अभयारण्य आहे, आजोबा देवाच्या रायीत अजून घरट्याजोगी उंच झाडं आहेत. (बाकी उतारावर काजू चढतोय, त्यावर भांडण नंतर.) पण झाड राखलं म्हणून गिधाड येत नाही, त्याचं ताट आपल्या गोठ्यातून जातं. आणि विष नुसतं औषधातलंच नाही. २०२० मध्ये सत्तरीतल्याच गोळावलीत वाघीण आणि तिचे तीन बच्चे मेले, तेही गाईच्या मढ्यात घातलेल्या विषानं. तिथं गिधाडं असती तर तीही गेली असती, आणि त्यांची बातमीही आली नसती.

तर काम असं. शिगम्याला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढ. इथल्या गवळ्यांशी तू बोल, माझं कोण ऐकतं? डायक्लोफेनॅकऐवजी मेलोक्सिकॅम चालतं एवढं मला कळलं. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकही गुरांना बंद झाली, हे मात्र वाडीत कुणालाच ठाऊक नाही. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे, कुठलं चालतं, कुठलं नाही. डेअरीच्या भिंतीला मी लावतो.

आणि कपिलीचं आईसमोर काढू नकोस. फुरसंच राहू दे.

तुझा,
विठू