अद्भुताची इयत्ता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत अतिवास्तववादी, म्हणजे तर्क सोडून स्वप्नाच्या वाटेने जाणारी कविता आणि अभिजात अद्भुतकथा यांविषयी वाचकांची जी मते आपण छापली आहेत, ती वाचून करमणूक झाली आणि संतापही आला. कवितेबद्दल बहुतेकांचे म्हणणे ‘काही कळत नाही’ एवढेच, आणि अद्भुतकथेबद्दल ‘आता या वयात कशाला?’ एका गृहस्थांनी तर अशी कविता म्हणजे पॅरिसहून आलेले खूळ आहे, असा निवाडाच देऊन टाकला आहे. आंद्रे ब्रेताँ या फ्रेंच कवीचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा १९२४ साली पॅरिसमध्ये निघाला, हे खरेच आहे. परंतु मुंगी आकाशी उडाली, तिने सूर्याला गिळले, माशी व्याली आणि घार झाली, असे तेराव्या शतकात सांगणारी मुक्ताई पॅरिसला जाऊन आली होती, असे निदान आळंदीत तरी कोणी म्हणत नाही. अशा कूट, म्हणजे कोड्यासारख्या अभंगाचा उलगडा परंपरेने करून ठेवलेला असतो आणि अतिवास्तववाद्यांनी स्वप्नाला मोकळे रान दिलेले असते, हा भेद मी जाणतो. पण तो अभंग पहिल्यांदा कानावर पडतो तेव्हा कोणाला अर्थ लागलेला असतो? तिथे मात्र माना डोलतात. मर्ढेकरांच्या पिंपातल्या उंदरांचीही अशीच टिंगल झाली होती, आणि पुढे तीच कविता अभ्यासक्रमात शिकवली गेली.

अद्भुतकथेला बालवाङ्मयात ढकलण्याची खोड आपल्या वाचकांपुरती मर्यादित नाही. पेठेतल्या ज्या ग्रंथालयाचा मी आजीव सभासद आहे, तिथे गेल्या पावसाळ्यात मी लुईस कॅरलच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ या अद्भुतकथेचे मराठी रूपांतर मागितले. ‘नातीसाठी हवंय का, काका?’ असे काउंटरवरून विचारण्यात आले. मला नात नाही, पुस्तक मलाच वाचायचे आहे, असे सांगितल्यावर उत्तर मिळाले की बालविभागातील पुस्तक प्रौढ वर्गणीवर देता येत नाही. हवे असल्यास एखाद्या मुलाच्या नावाने वेगळी वर्गणी भरावी. मी नियम लेखी दाखवण्याची विनंती केली, तेव्हा ‘पहिल्यापासून असंच आहे’ हा पुण्यातला सर्वांत जुना नियम मला ऐकवण्यात आला. उभ्या उभ्या पुस्तक चाळू देण्याइतकी कृपा मात्र झाली. शेवटच्या पानाला चिकटवलेल्या परतीच्या तारखांच्या कागदावर निम्म्याहून अधिक चौकटी कोऱ्या होत्या आणि शेवटचा शिक्का इतका फिकट की साल वाचता येईना. म्हणजे मुले ते नेत नाहीत आणि मोठ्यांना ते मिळत नाही. याच ग्रंथालयात नारायण धारपांची पुस्तके प्रौढ विभागात आहेत आणि हाताळून हाताळून त्यांची बांधणी सुटली आहे. भुताखेतांना वयाची अट नसावी.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्कीन यांनी १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील व्याख्यानात हेच सांगितले होते की, जुने फर्निचर मुलांच्या खोलीत टाकावे तशा परीकथा मुलांकडे गेल्या, आणि त्या गेल्या मोठ्यांना नकोशा झाल्या म्हणून, मुलांनी मागितल्या म्हणून नव्हे. आपल्या पुरवणीने कविता आणि अद्भुतकथा अशा दोन स्वतंत्र चौकटी आखल्या, हेही मला पटलेले नाही. लुई आरागाँ या अतिवास्तववादी कवीने १९२९ मध्ये ॲलिसच्याच लुईस कॅरलचे एक दीर्घकाव्य फ्रेंचमध्ये आणले होते. ज्यांना आपले वाचक अगम्य म्हणतात, ते कवी ज्याला आपले वाचक बालिश म्हणतात, त्या लेखकाला आपला पूर्वज मानत होते. ही गोष्ट संयोजकांना ठाऊक असती, तर एका चौकटीची जागा वाचली असती.

जागेचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. नमुन्यादाखल जी कविता आपण छापलीत, तिच्या ओळी स्तंभाच्या रुंदीत बसेनात म्हणून कुठेही तोडल्या आहेत, आणि शेवटच्या कडव्याच्या आधी ताबा मिळण्यास तयार अशा सदनिकांची जाहिरात आली आहे. जाहिरात हा कवितेचाच भाग असावा, असे समजून शेजारच्या जोशीकाकांनी ती मला मोठ्याने वाचून दाखवली आणि ‘एवढीच काय ती कळली’ असा अभिप्रायही दिला. तेव्हा ती कविता येत्या रविवारी मूळ ओळींसह पुन्हा छापावी, आणि जागा अपुरी पडल्यास माझ्या या पत्राला कात्री लावावी.

कळावे,
आपला एक वर्गणीदार,
सदाशिव पेठ, पुणे