किंगरीच्या रात्रीचे ऋण

तेलंगणातल्या केस्लापूरच्या नागोबा जत्रेत, पौष अमावास्येच्या थंडीत, गोंडांच्या कथा गाणाऱ्या प्रधान समाजातल्या कलावंतांची किंगरी, म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, रेकॉर्ड करून परतलो. तीन तारा, एक गज आणि गोंड देवांची कथा. आदिलाबादकडचे हे प्रधान घरात मराठी बोलतात, गातात मात्र गोंडीत. शेजारी बसून ओळीओळीचा अर्थ सांगणाऱ्या तरुणाचे आभार कसे मानू? नाव विचारायचंच राहिलं. माईकमध्ये वारा घुसत होता, तेव्हा एका मावशींनी घोंगडी आडोशाला धरली, चांगली तासभर! रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा खोकलाही आलाय. तो काढणार नाही. शेवटची बस चुकल्यावर उटनूरपर्यंत टेम्पोत घेणाऱ्या भाऊंनी पैसे घेतलेच नाहीत. आणि वादक आजोबा, गज थांबवून आधी ‘जेवलास का?’ विचारणारे! आजोबा, फायली पेनड्राइव्हवर घालून दिवाळीत, दंडारी या गोंडांच्या नृत्योत्सवाच्या दिवसांत घेऊन येतो.