पोराला पहिलीच बॅट कार्बनची नको

मा. संपादक,

मे महिन्याची सुट्टी लागली की रत्नागिरी-चिपळूणकडे पण पोरं टेबल टेनिस शिकायला जायला लागलीत, चांगलंच आहे, पण बॅट घेताना पालक जे करतात ते बघवत नाही म्हणून लिहितोय. मुंबईच्या काकाला फोन जातो, येताना चांगल्यातली आण, आणि काका बिचारा महागातली, लाकडात कार्बनचा थर असलेली घेऊन येतो. कार्बनवरून बॉल सुसाट सुटतो, ज्याला अजून साधी रॅली, म्हणजे बॉल सलग इकडून तिकडे खेळवणं, जमत नाही त्याचा बॉल टेबलाबाहेरच जाणार ना, मग पोरगं म्हणतं मला जमत नाही आणि गणपतीपर्यंत बॅट माळ्यावर.

दुसरं टोक म्हणजे दोन बॅट तीन बॉलवालं स्वस्त पाकीट. त्याचं रबर बहुतेक वेळा इतकं गुळगुळीत की स्पिन येतच नाही, नुसतं टकटक खेळायची सवय लागते आणि ती नंतर सुटता सुटत नाही.

माझ्या मते पाच प्लायची म्हणजे पाच थरांची साधी लाकडी ऑलराउंड (ना फार जलद, ना फार संथ) बॅट घ्यावी, दोन्ही बाजूला प्लेन म्हणजे बाहेरून दाणे नसलेलं रबर, रबराखालचा स्पंज दीड ते 1.8 एमएम, बास. बॉल रबरावर घासून बघा, पकडला पाहिजे. पाकिटावरच्या स्टारवर जाऊ नका हो, ते ज्या त्या कंपनीने आपले आपण दिलेले असतात! स्पर्धा खेळायची असेल तर रबरावर आयटीटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचा) शिक्का बघा. एक बाजू काळी लागतेच, दुसरी मात्र 2021 पासून लालच हवी असं नाही, हिरवी, निळी, गुलाबी, जांभळी पण चालते. आणि भारताची खेळाडू मनिका बत्रा बॅकहँडला लाँग पिंपल्स म्हणजे लांब दाण्यांचं रबर वापरते म्हणून ते नवशिक्याला लावून देऊ नका, आधी साध्या रबरावर हात बसू दे.

आपल्याकडे खरा त्रास पावसाळ्याचा. पापड सादळतो तशी दमट हवा रबरावर बसते, बॉल सटकतो आणि पोराला वाटतं आपलंच चुकतंय. खेळताना मधे मधे कोरड्या सुती फडक्याने पुसायचं, खेळून झालं की ओल्या स्पंजने धूळ काढून, वाळवून, वर प्लास्टिकची फिल्म लावून कव्हरमधे ठेवायची. बंद गाडीत उन्हात तर अजिबात नको.

स्पोर्टसच्या दुकानदारांना एकच विनंती, सगळ्या बॅटा सीलबंद ठेवता, निदान एक तरी उघडी ठेवा की, हँडल हातात बसतंय का एवढं तरी पोराला बघू द्या.

एक टीटीप्रेमी, रत्नागिरी