मार्नरची हकालपट्टी झालेली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाचा ई-पेपर मी रोज वाचतो. तिकडची पहाट म्हणजे इथली आदली संध्याकाळ, त्यामुळे तुमचा उद्याचा अंक मला आज रात्रीच मिळतो. मी मूळचा कोल्हापूरचा. पंचवीस वर्षांपासून कॅनडात आहे आणि त्यातली गेली अकरा वर्षं मिसिसागातल्या एका सार्वजनिक रिंकवर बर्फ घोटायची मशीन चालवतो. इथे तिला झाम्बोनी म्हणतात.

गेल्या आठवड्यात क्रीडा पानाच्या तळाशी टोरांटो मेपल लीफ्स या आईस हॉकी संघाबद्दल एक चौकट होती. मिच मार्नर या ‘अपयशी ताऱ्याची हकालपट्टी’ झाली, असं तिचं शीर्षक होतं. पाठोपाठ आमच्याच भागात राहणाऱ्या दोन मराठी वाचकांची पत्रं छापून आली. दोघांचाही सूर ‘बरं झालं, ब्याद गेली’ असाच होता. आईस हॉकीची बातमी मराठी पेपरात येते याचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच ती बरोबर यावी असं वाटतं.

पहिली गोष्ट, हकालपट्टी झालेली नाही. मार्नरचा सहा वर्षांचा करार १ जुलैला संपणार होता. त्यानंतर तो कुठेही जायला मोकळा होता आणि टोरांटोच्या हाती काहीच लागलं नसतं. त्या वेळच्या नियमानुसार आठ वर्षांचा करार मात्र खेळाडूला फक्त स्वतःच्याच संघाकडून मिळू शकत होता. म्हणून ३० जून २०२५ ला टोरांटोने त्याच्याशी वर्षाला १ कोटी २० लाख डॉलरचा आठ वर्षांचा करार केला, लगेच त्याला लास व्हेगासच्या संघाकडे दिलं आणि बदल्यात निकोलस रॉय हा मधल्या फळीतला खेळाडू घेतला. मार्नर स्वतःहून गेला. ‘एवढ्या मोठ्या खेळाडूच्या बदल्यात एवढंच?’ असं आमच्या रिंकच्या बाकांवर रोज ऐकू येतं. पण दुसऱ्या दिवशी शून्य मिळणार होतं, हे कुणी मोजत नाही.

दुसरी गोष्ट ‘अपयशी’ या शब्दाची. मार्नर टोरांटोकडून नऊ मोसम खेळला. ६५७ सामन्यांत २२१ गोल आणि दुसऱ्याला गोल करून देणारे ५२० पास, म्हणजे ७४१ गुण. शंभर वर्षांहून जुन्या या संघाच्या इतिहासात तो गेला तेव्हा यापेक्षा जास्त गुण फक्त चार जणांचे होते. २०२४–२५ च्या मोसमात त्याने १०२ गुण केले आणि संघ आपल्या गटात पहिला आला. ही सरासरी माणसाची कामगिरी नव्हे.

आता प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्या. इथे मी त्याची बाजू झाकून ठेवणार नाही. २०१९ ते २०२२ या काळात प्लेऑफच्या सलग अठरा सामन्यांत त्याला एकही गोल करता आला नाही. तेव्हा मीही घरात चिडायचो, बायको दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. पण सगळा हिशोब मांडायचा तर टोरांटोकडून प्लेऑफच्या ७० सामन्यांत त्याचे ६३ गुण आहेत. ‘याच्यात जिगरच नाही’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा डोळ्यांखालून घालावा.

मग संघ का हरतो? १९६७ नंतर या गावाने स्टॅनले कप, म्हणजे विजेतेपदाचा करंडक, पाहिलेला नाही. २०१७ पासून सलग नऊ वर्षं प्लेऑफ गाठूनही फक्त दोन फेऱ्या जिंकल्या, २०२३ मध्ये टँपाविरुद्ध आणि यंदा, २०२५ मध्ये, ओटावाविरुद्ध. माझ्या मते उत्तर सातव्या सामन्यांत आहे. एक फेरी म्हणजे जास्तीत जास्त सात सामने, चार जिंकेल तो पुढे; ३–३ झालं की सातवा निर्णायक. २०१९ ला बॉस्टनकडून १–५, २०२१ ला माँट्रियलकडून १–३, २०२२ ला टँपाकडून १–२, २०२४ ला परत बॉस्टनकडून १–२, आणि यंदा १८ मे रोजी घरच्या मैदानावर फ्लोरिडाकडून १–६. २०१९ पासून पाच वेळा सातवा सामना आणि पाचही वेळा एकच गोल. मधे २०२० मध्ये कोलंबसविरुद्धच्या निर्णायक पाचव्या सामन्यात तर तोही नाही. एकटा मार्नर मनाने कच्चा होता म्हणून असं होत नाही. बाकीचे गोल करणारे हात संघात नव्हते म्हणून होतं.

ते का नव्हते, हे आयपीएलचा लिलाव पाहणाऱ्याला लगेच कळेल. तिथे जशी थैली ठरलेली असते, तशी इथे सॅलरी कॅप असते. एका संघात २३ खेळाडू, आणि सगळ्यांचे पगार मिळून एका रकमेच्या आत बसायला हवेत. २०१९ साली ती रक्कम ८ कोटी १५ लाख डॉलर होती. त्यातले सुमारे ४ कोटी ५ लाख टोरांटोने चौघांना दिले होते: मॅथ्यूज, टाव्हारेस, मार्नर आणि नायलँडर. चौघेही आघाडीचे. उरलेल्या अर्ध्यात एकोणीस जण. दरवर्षी कॅप वाढत जाईल या भरवशावर ही मांडणी केली होती. मग करोना आला, प्रेक्षक बंद झाले आणि कॅप सलग तीन मोसम त्याच आकड्यावर गोठली. मार्नर या गणिताचा एक भाग होता. हे गणित मांडलं व्यवस्थापनाने.

त्याची किंमत काय पडली, ते मी माझ्या कामावरून सांगतो.

सामना संपला की मी मशीन घेऊन आत जातो. खालचं पातं बर्फाचा वरचा थर तासतं, मागून गरम पाणी पसरतं आणि ते गोठलं की बर्फ परत काचेसारखा होतो. पण ते होण्याआधी बर्फ वाचता येतो. कडेच्या कोपऱ्यांत स्केटच्या लांब गोल रेघा असतात, मधे तुरळक. आणि गोलच्या पुढच्या चार-पाच फुटांत बर्फ अक्षरशः नांगरलेला असतो. तिथे माझ्या मशीनला दोन फेऱ्या जास्त लागतात. पोरांचा सामना असो की मोठ्यांचा, चुरशीचा झाला की तो पट्टा खोल जातो. प्लेऑफमधले गोल तिथेच होतात. लांबून मारलेला सुंदर फटका गोलरक्षकाला दिसतो, तो अडवतो. त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहून, पाठीत काठीचे तडाखे खात, सुटलेला पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, ढकलणारा माणूस लागतो.

टोरांटोकडे असा माणूस होता, झॅक हायमन. याच शहरात वाढलेला. २०२१ मध्ये त्याच्यासाठी थैलीत पैसे उरले नाहीत. एडमंटनने वर्षाला ५५ लाख देऊन त्याला नेलं. तिथे २०२३–२४ मध्ये त्याने ५४ गोल केले, प्लेऑफमध्ये आणखी १६, आणि बहुतेक सगळे त्या नांगरलेल्या पट्ट्यातून. त्याच्या आधी नझीम कॅड्री गेला. बॉस्टनविरुद्ध सलग दोन वर्षं राग अनावर होऊन निलंबित झाला, हे खरं. २०१९ मध्ये त्याला कोलोरॅडोला देऊन टाकलं. २०२२ मध्ये त्याने तिथे स्टॅनले कप जिंकला आणि तो कप आपल्या गावी, ओंटारिओतल्याच लंडन शहरातल्या मशिदीत घेऊन आला. टीव्हीवर ती गर्दी, मांडीवर पोरं घेतलेल्या बायका, कपाला हात लावणारे म्हातारे बघताना माझ्या घशात आवंढा आला होता.

यंदा आपल्याला कुणी हरवलं तेही पाहा. फ्लोरिडाच्या पहिल्या फळीपेक्षा तिसऱ्या फळीने जास्त घायाळ केलं. लंडेल, लुओस्टारिनेन आणि ब्रॅड मार्शंड. मार्शंड सदतीस वर्षांचा, बॉस्टनकडून खेळताना आम्हाला वर्षानुवर्षं छळणारा. मार्चमध्ये तो जखमी असताना फ्लोरिडाने त्याला घेतलं. मालिकेत आम्ही २–० ने पुढे होतो, तिसऱ्या सामन्यात ओव्हरटाइमला त्यानेच गोल केला आणि सातव्या सामन्यात त्याच्या नावावर तीन गुण होते. त्याच मार्चमध्ये टोरांटोने लॉटन आणि कार्लो या दोघांसाठी ड्राफ्टमधल्या (नवोदित खेळाडू निवडायच्या प्रक्रियेतल्या) पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि दोन तरुण खेळाडू मोजले. दोघे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. किंमत मात्र फार मोजली.

म्हणून आता माझी कळकळीची विनंती आहे, इथल्या मराठी चाहत्यांनाही. मार्नरच्या जागी आणखी एक महागडा तारा आणा, हा हट्ट सोडावा. येत्या २०२५–२६ च्या मोसमात कॅप ९ कोटी ५५ लाख झाली आहे. टाव्हारेस १ कोटी १० लाखांवरून सुमारे ४४ लाखांवर थांबायला तयार झाला, हे त्याने गावासाठी केलेलं मोठं काम आहे. मॅथ्यू नाइसला सहा वर्षांसाठी बांधून ठेवलंय. वर्षाला ७७.५ लाख, आणि मला विचाराल तर एक पैसा जास्त नाही. हा बावीस वर्षांचा पोरगा गोलच्या तोंडाशी उभा राहायला भीत नाही. मोकळे झालेले पैसे दुसऱ्या आणि तिसऱ्या फळीत तीन-चार जणांवर वाटावेत. बचावाला टानेव्ह आणि मकेब आहेत, गोलमध्ये वॉल आणि स्टोलार्झ. फ्लोरिडाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात डोक्याला मार लागून स्टोलार्झ बाहेर गेला नसता तर आज हे पत्र वेगळं असतं, असं मला अजून वाटतं.

मी पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचे फुटबॉल सामने शाहू स्टेडियमवर बघत वाढलो. आमच्याकडे पोरगा चुकला तर दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर त्याला सोलून काढायचे, त्याच्या तोंडावर. पण दुसऱ्या पेठेतल्या कुणी त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढला की तीच माणसं बाह्या सरसावून पुढे यायची. पोरगा पेठेचा होता ना. मार्नरही या गावचाच. मार्कमला जन्मला, थॉर्नहिलला वाढला. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर त्याची निवड झाली तेव्हा हेच लोक नाचले होते. यंदा घरच्या मैदानावर सामना हातातून जाताना प्रेक्षकांनी अंगातले स्वेटर, म्हणजे संघाच्या जर्सी, काढून बर्फावर फेकले. टीका करा, मीही वर केलीच आहे. पण संघाचं चिन्ह बर्फावर फेकणं मला पाहवलं नाही. त्या रात्री मी लवकर टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी व्हिक्टोरिया डेची सुट्टी होती, पण माझी पाळी होती. आमच्या रिंकवर उन्हाळ्यातही बर्फ असतो. तीन नंबरच्या कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात एक निळा स्वेटर होता, लहान मापाचा, आठ-नऊ वर्षांच्या पोराला बसेल एवढा. पाठीवर १६ आकडा तसाच होता. वरची नावाची पट्टी काढलेली होती. फाडलेली नव्हती. माझी आई शिवणकाम करायची, त्यामुळे मला लगेच कळलं: टाका टाका उसवून काढली होती, कापडावर सुईच्या भोकांची सरळ रांग राहिली होती. रागाच्या भरात असं होत नाही. कुणीतरी मोठ्या माणसाने दिव्याखाली बसून अर्धा तास घालवला असणार, आणि पोरगं बहुधा शेजारी बसून बघत असणार.

मी तो बाहेर काढला, घरी नेऊन धुतला. आता तो मशीनच्या खोलीत, गरम पाण्याच्या नळाजवळच्या खिळ्यावर टांगलेला आहे. काउंटरवर एक चिठ्ठी लावली आहे: लहान मापाचा निळा स्वेटर सापडला आहे, नंबर १६. पोराला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आणि नंबराच्या पुढे नावही लिहिलंय, मार्नर. दोन महिने होत आले, अजून कुणी आलेलं नाही. पाळीवर असलो की मी रोज तिकडे बघतो.

कळावे,
आपला नियमित वाचक,
मिसिसागा, ओंटारिओ (मूळ गाव कोल्हापूर)
१२ जुलै २०२५