पुरात बुडालेली गाडी ‘पूरग्रस्त नाही’ असे लिहून विकल्याबद्दल तक्रार

सातारा
दि. ५ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
जुन्या मोटारींचे खरेदी-विक्री केंद्र, पुणे
(पोचपावतीसह स्पीड पोस्टने, एक प्रत ईमेलने)

विषय : आपल्याकडून घेतलेल्या २०१८ सालच्या पेट्रोल हॅचबॅकमधील गंभीर दोष, मीटरमधील फेरफार आणि पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत
संदर्भ : आपले दि. १८ जानेवारी २०२५ चे विक्री बिल व त्यासोबतचा तपासणी तक्ता

महोदय,

आपल्या विक्री प्रतिनिधींनी मला फोनवर शेवटचे ऐकवलेले वाक्य असे होते : “ताई, जुनी गाडी आहे, काही ना काही निघणारच.” त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. क्लच जड होता, टायर वर्षभरात बदलावे लागणार होते, मागच्या बंपरला रंगाचा हात मारलेला दिसत होता. हे सगळे बघूनच मी किंमत ठरवली आणि त्यातल्या कशाबद्दलही या पत्रात एक ओळ नाही. जुनेपणाचे पैसे मी जुनेपणाच्या हिशेबाने मोजले. जे आपण झाकून ठेवले त्याचे पैसेही आपण माझ्याकडून घेतलेत. तेवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

गाडी एमएच-०८ पासिंगची. किंमत ४,३५,००० रुपये, सर्व रक्कम बँकेतून दिलेली. “सिंगल हँड, कोकणातली, डॉक्टरांनी वापरलेली” असे तिचे वर्णन झाले होते. (जुन्या बाजारात येणाऱ्या इतक्या गाड्या डॉक्टरांच्याच कशा असतात, कोण जाणे.) तोंडी बोलण्यावर मी विसंबले नाही. बिलासोबत आपण दिलेल्या तपासणी तक्त्यावर आपला शिक्का आहे आणि आपल्या माणसाची सहीही आहे. त्यात ‘अपघातग्रस्त – नाही’, ‘पूरग्रस्त – नाही’, ‘मीटर – मूळ’, ‘एअरबॅग – ठीक’ असे लिहिलेले आहे. मी पतसंस्थेत हिशेबनीस आहे. सही-शिक्क्याच्या कागदाला किंमत असते असे समजूनच आम्ही रोज काम करतो, म्हणून हा तक्ता मी जपून ठेवला.

मार्चच्या सुरुवातीला मुलीला घेऊन पुण्याहून येत असताना खंबाटकीच्या चढाला, ऐन वळणावर, स्टिअरिंग एकाएकी जड झाले. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा दिवा लागला आणि पाठोपाठ एबीएसचा (ब्रेक मारताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा). मागे मालाने भरलेला ट्रक होता. दोन्ही हातांनी चाक ओढून गाडी कशीबशी कडेला घेतली. इंजिन बंद करून पुन्हा चालू केले तर सगळे दिवे गेलेले, स्टिअरिंग हलके. आपल्या वर्कशॉपने ‘बॅटरीचे टर्मिनल सैल होते’ असे सांगून गाडी परत दिली. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच घडले. मग सेंट्रल लॉक आपोआप उघडू लागले. एका रात्री उभ्या गाडीचे इंडिकेटर लागले म्हणून सोसायटीचा वॉचमन सांगायला आला.

शेवटी साताऱ्यातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी दिली. त्याने आधी स्कॅनर लावला, नंतर पुढच्या सीट उतरवून कार्पेट उचलले. हे सगळे काम माझ्यासमोर झाले आणि त्याचे चित्रीकरण माझ्याकडे आहे. कार्पेटखालच्या फोममध्ये बारीक तांबूस गाळ वाळून बसला होता. सीटच्या रुळांना आतल्या बाजूने गंज होता, वरून मात्र ताजा काळा रंग मारलेला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तेव्हा एरवी गुंडाळलेल्या भागावर पाण्याची सरळ रेघ दिसली. डॅशबोर्डखालच्या बॉडी कंट्रोल युनिटच्या (दिवे, लॉक वगैरे चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीच्या) जोडण्यांवर हिरवट थर चढला होता. तांब्याला हिरवट थर दमट हवेनेही चढू शकतो, पण गाळ, गंज आणि पाण्याची रेघ यांच्यासोबत तो दिसला म्हणजे पाणी आत शिरून तिथेच मुरले होते. वायरिंग वरून कोरडे आणि आतून कुजलेले. त्यामुळेच दोष कधी दिसतो, कधी नाहीसा होतो आणि ‘टर्मिनल सैल’ म्हणून वेळ मारून नेता येते.

मातीच्या रंगावरून मी गाव ओळखू शकत नाही. गाळ तांबूस होता, एवढेच नोंदवते.

आता एअरबॅगबद्दल. हा मुद्दा आपण स्वतः वाचावा, वर्कशॉपकडे ढकलू नये. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो लागला म्हणजे यंत्रणा स्वतःला तपासते आहे आणि विझला म्हणजे सगळे ठीक आहे. माझ्या गाडीत तो दिवा कधी लागतच नव्हता. इलेक्ट्रिशियनने मीटरचा संच उतरवला, तेव्हा त्या दिव्याच्या जागी आतून काळी चिकटपट्टी लावलेली सापडली. पट्टी काढल्यावर दिवा लागला तो लागलाच, विझेना. स्कॅनरचा एअरबॅगच्या युनिटशी संपर्कच होत नाही. म्हणजे जानेवारीपासून मी आणि माझी मुलगी एअरबॅग नसल्यात जमा असलेल्या गाडीतून महामार्गावर ये-जा करत होतो, आणि हे सांगणाऱ्या एकमेव दिव्याचे तोंड कोणीतरी बंद करून ठेवले होते. पुराचे पाणी चिकटपट्टी लावत नाही.

यानंतर मी गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून चेसिस क्रमांकावरून सर्व्हिसची नोंद काढली. जून २०२१ ची शेवटची नियमित सर्व्हिस ६१,२४० किलोमीटरला झाली आहे. आपण मला गाडी दिलीत तेव्हा मीटर ४३,८०० दाखवत होता. आमच्याकडे एखाद्याने पासबुकातला आकडा खोडून आपल्या सोयीचा लिहिला तर त्याला ‘जुने पासबुक आहे, चालायचेच’ असे कोणी म्हणत नाही. त्याच नोंदीत पुढची आणि अखेरची ओळ ऑगस्ट २०२१ ची आहे : गाडी टो करून आणली, पाणी डॅशबोर्डपर्यंत, अंदाजपत्रक विमा कंपनीकडे पाठवले, काम केले नाही. गाडीचे पासिंग रत्नागिरी जिल्ह्याचे आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले होते, हे महाराष्ट्रात सर्वांना आठवते. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस (पूर्ण नुकसान) धरली जाते आणि सांगाडा सहसा लिलावात जातो. ही गाडी त्या वाटेने आपल्यापर्यंत आली की आणखी कुठून, हे आपल्या खरेदीच्या कागदांतच असेल. वाहन पोर्टलवर मालकाचा अनुक्रमांक ३ दिसतो. ‘सिंगल हँड’चे काय झाले, तेही सांगावे.

आपल्याकडून आजवर मिळालेल्या उत्तरांबद्दल आता लिहिते.

बिलाच्या तळाशी ‘गाडी जशी आहे तशी विकली’ असे छापले आहे, असे आपण म्हणता. ‘जशी आहे तशी’ याचा अर्थ जशी दाखवली तशी, एवढाच होऊ शकतो. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७ मध्ये माहीत असलेली गोष्ट हेतुपुरस्सर लपवणे ही फसवणूक ठरवली आहे आणि कलम १९ नुसार असा करार फसवल्या गेलेल्या पक्षाला रद्द करता येतो. गिऱ्हाइकाने नीट बघायला हवे होते, हा बचाव फार तर नुसते गप्प राहणाऱ्याला मिळेल. मीटर मागे नेणे, दिव्यावर पट्टी लावणे आणि गंजावर रंग मारणे याला गप्प राहणे म्हणत नाहीत. शिवाय त्याच बिलासोबत ‘पूरग्रस्त – नाही’ असे आपण लेखी दिलेले आहे. दर्जाबद्दल असे खोटे निवेदन करणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आपले दुसरे उत्तर असे, की ‘आम्ही फक्त मध्यस्थ, गाडी पार्टीची होती’. हे ऐकून मी बिल पुन्हा काढून पाहिले. विक्रेता म्हणून आपले नाव आहे, आपला जीएसटी क्रमांक आहे, पूर्ण किंमत आपल्या खात्यात जमा आहे. आपण मध्यस्थ असता तर मला कमिशनचे बिल मिळाले असते आणि गाडीची रक्कम मूळ मालकाच्या नावे गेली असती. करासाठी विक्रेता आणि तक्रारीच्या वेळी दलाल, असे दोन्ही होता येत नाही.

‘वॉरंटी इंजिन-गिअरबॉक्सची आहे, इलेक्ट्रिकलची नाही’ या तिसऱ्या उत्तरावर शाई खर्च करत नाही. मी वॉरंटीत काहीच मागितलेले नाही.

आरसी अजून माझ्या नावावर झालेली नाही. विचारले की ‘आरटीओत काम चालू आहे’ हे ठरलेले उत्तर मिळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला नोंदणी प्राधिकरणाचे अधिकारपत्र (नमुना २९ ब) लागते. गाडी ताब्यात आल्याची सूचना (नमुना २९ क) पोर्टलवर द्यावी लागते आणि तेव्हापासून कागदपत्रांची जबाबदारी त्याच्यावरच असते. हे दोन्ही कागद मला दाखवावेत. त्याच नियमांत विक्रेत्याने प्रत्येक गाडीचे इलेक्ट्रॉनिक ट्रिप रजिस्टर ठेवायचे आहे, ज्यात फेरीचे कारण, चालक, वेळ आणि किलोमीटर यांची नोंद असते. गाडी आपल्या यार्डात आली त्या दिवशी मीटरवर किती होते, हे या रजिस्टरवरून लगेच कळेल. मीटर आधीच्या मालकाने फिरवला असे आपले म्हणणे असेल तर ते सिद्ध करायची ही सोपी वाट आहे. नोंदीवर नाव असलेला मालकच अपघाताच्या भरपाईला जबाबदार धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे कोकणातल्या कोण्या तिसऱ्याच माणसाच्या डोक्यावर आपण ही टांगती तलवार ठेवली आहे.

‘निम्मा खर्च तुम्ही द्या, वायरिंग बदलून देतो’ हा आपला प्रस्ताव मला मान्य नाही. वायरिंग बदलले तरी पाण्याखाली गेलेले एअरबॅगचे युनिट, स्टिअरिंगची मोटर आणि एबीएसचा भाग तेच राहतील. आणखी एक कारण आहे. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर ग्राहक आयोग वस्तू तज्ज्ञ प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो (ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३८). आपल्याच हातून दुरुस्ती करून घेतली तर तपासायला मागे काही उरणार नाही. म्हणून गाडी जशी उघडली गेली तशीच बंद शेडमध्ये उभी आहे आणि त्या दिवसापासून चालवलेली नाही. यार्डातली दुसरी गाडी बदलून घेण्याचा पर्यायही मला नको. तिच्यासोबत मिळणारा तपासणी तक्ता भरणारी माणसे तीच असणार.

माझी मागणी अशी : ४,३५,००० रुपये पूर्ण परत करावेत, त्यावर १८ जानेवारीपासून व्याज द्यावे, मी भरलेला विम्याचा हप्ता आणि तपासणीचा खर्च (पावत्या सोबत आहेत) द्यावा. गाडी साताऱ्याहून आपल्या खर्चाने, टो करून न्यावी. एअरबॅग नसलेली आणि स्टिअरिंगचा भरवसा नसलेली ही गाडी चालवत नेण्यासाठी मी कोणाच्याही हाती किल्ली देणार नाही, आपल्या ड्रायव्हरच्याही नाही. गाडी परत घेतल्यावर ती पूरग्रस्त असल्याचे पुढच्या गिऱ्हाइकाला लेखी सांगूनच विकली जाईल किंवा भंगारात जाईल, अशी हमी पत्रावर हवी.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम जमा न झाल्यास मी सातारा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात ई-जागृती या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून तक्रार दाखल करेन. ‘वाद पुणे न्यायकक्षेत’ या आपल्या बिलावरच्या शिक्क्याची अडचण येणार नाही. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, हे २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ मध्येच आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि वकील देणे सक्तीचे नाही. गाडी घरच्या वापरासाठी घेतली आहे, तेव्हा ‘व्यापारी हेतू’चाही मुद्दा निघत नाही. मीटर आणि एअरबॅगच्या दिव्याबाबत पोलिसांत, तसेच विक्रेत्याच्या अधिकारपत्राबाबत परिवहन कार्यालयात वेगळे अर्ज तयार आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवली असून तिचा क्रमांक सोबत दिला आहे.

यापुढे मला फोन करू नये. आपले प्रतिनिधी फोनवर एक बोलतात आणि दुसऱ्या दिवशी ‘मी असे म्हटलोच नाही’ म्हणतात. उत्तर लेखी द्यावे आणि त्यावर सही व्यवस्थापकांची असावी.

सोबत : विक्री बिल, तपासणी तक्ता, बँकेचा उतारा, अधिकृत सर्व्हिस सेंटरची नोंद, ऑटो इलेक्ट्रिशियनचा लेखी अहवाल व स्कॅनरची छापील प्रत, छायाचित्रे, चित्रीकरणाचा पेनड्राइव्ह, विमा व तपासणीच्या पावत्या, हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक. सर्व कागद प्रतींच्या स्वरूपात. मूळ कागद माझ्याकडे आहेत आणि काढलेली चिकटपट्टी इलेक्ट्रिशियनच्या सहीनिशी पाकिटात बंद करून ठेवली आहे.

आपली,
(सही)
बिलावरील खरेदीदार