काटोल नाक्याजवळच्या वायरिंगवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही हात झटकता आणि पुढच्या गाडीचं बोनेट उघडता. म्हणून लिहून काढते आहे. सगळ्यांना वाचता येईल असंच लिहिते, कारण आमच्या काटोल-कळमेश्वर पट्ट्यात सध्या जो तो छोट्या ट्रॅक्टरवर एलईडी दिवे लावून घेतोय, आणि त्यातली बरीच कामं दोन तारा पिळून वर काळी टेप गुंडाळली की संपतात. तुम्ही काय वेगळं केलं ते त्यांनाही कळू दे.

आमची गरज साधी होती. संत्र्याची बाग, १८ फुटांवर ओळी, त्यात फिरायला छोटा ट्रॅक्टर आणि मागे पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारा फवारणीचा ब्लोअर. आंबिया बहर जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो. त्याच कोवळ्या नवतीवर, म्हणजे नव्या पालवीवर, सायला ही रस शोषणारी कीड बसते आणि त्याच फुलांवर दिवसभर मधमाश्या असतात. फवारायचं तर माश्या परतल्यावर, म्हणजे दिवेलागणीनंतर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपारी फवारलेलं औषध पानाला लागायच्या आधीच वाळतं, तेव्हाही रात्रच गाठावी लागते. त्यात थ्री फेज लाईन रात्रीची असली की ओलितही रात्रीच, आणि काठावर रानडुकरं. उजेड हवाच होता.

ट्रॅक्टर आम्ही जुना घेतलेला. आधीच्या मालकाने मागे ५५ वॅटचे दोन हॅलोजन लावले होते, थेट हेडलाइटच्या तारेला जोडून. तेवढ्यानेच ९ अँपिअरच्या आसपास करंट वाढला आणि तो सगळा हेडलाइटच्याच स्विचमधून जायचा. अर्ध्या तासात स्विच हाताला चटका द्यायचा. माझे दीर म्हणायचे, गरम होतो म्हणजे चालू आहे. आम्ही तुमच्याकडे आलो ते नुसते दिवे बदलायला.

तुम्ही दिव्याचं खोकं उघडलंच नाही. "ताई, दिवा नंतर पाहू. आधी तार पाहू द्या," म्हणालात आणि इंजिन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, मागच्या हॅलोजनच्या पिनांवर ११ सुद्धा नाही. जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतच कुठेतरी गळत होते. मला तेव्हा व्होल्ट म्हणजे काय हे शाळेपुरतंच आठवत होतं. तुम्ही म्हणालात, "तुमच्या ठिबकची लॅटरल बारीक आणि लांब असली तर शेवटच्या ड्रिपरला पाणी पोचते काय?" बस, कळलं. एलईडीचं आणखी एक सांगितलंत, जे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. व्होल्ट कमी पडले की हॅलोजन मंद होतो आणि आपल्याला दिसतं तरी. चांगल्या एलईडीच्या आतलं सर्किट मात्र उजेड तेवढाच ठेवण्यासाठी तारेतून जास्त करंट ओढतं. म्हणजे तार खराब असली तरी दिवा छानच दिसतो आणि तार आतल्या आत तापत राहते.

मग तुम्ही जे केलंत ते मी अजून लोकांना सांगते. फळीवरचा तुमच्याच दुकानातला एक दिवा काढलात, खोक्यावर '७२ वॅट' छापलेलं, आणि तारेच्या मधे मीटर जोडून दाखवलात. दीड अँपिअर. बारा-तेरा व्होल्टला दीड अँपिअर म्हणजे वीस वॅटसुद्धा नाही. "हे खोक्यावरचे वॅट आहेत, मीटरवरचे नाहीत. दिवा चांगला आहे, आकडा खोटा आहे. तुम्ही फक्त मीटरवरचं धरा." स्वतःच्या मालाबद्दल असं सांगणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही. त्याच मापाचे चार दिवे आम्ही घेतले, दोन पुढे आणि दोन मागे. चौघांचा मिळून करंट ६ अँपिअर, म्हणजे जुन्या दोन हॅलोजनपेक्षाही कमी, आणि उजेड कितीतरी जास्त. छोट्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर वीज बनवणारा भाग, मोठ्या भावंडांसारखा तगडा नसतो, म्हणून हा हिशोब आधी करायचा असतो, हेही तेव्हाच उमगलं.

दीरांना घाई होती. तुम्हाला नव्हती. बॅटरीचा मायनस आधी काढलात आणि सगळं झाल्यावर शेवटी जोडलात. दीरांनी विचारलं, "काऊन?" तर पाना प्लसवरून घसरून बॉडीला लागला की काय होतं ते तुम्ही जुन्या पान्यावरचा जळका डाग दाखवून सांगितलंत. बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज बसवली. तांबड्या रंगाची, १० अँपिअरची. माझा समज होता की फ्यूज दिवा वाचवते. "दिवा गेला तर जाऊ द्या, नवा भेटते. फ्यूज तारेसाठी असते." तार कुठेही घासून बॉडीला टेकली तर फ्यूजच्या पुढच्याच भागाला संरक्षण मिळतं. फ्यूजच्या मागचा बॅटरीपर्यंतचा तुकडा उघडाच असतो. तो जेवढा लहान तेवढं बरं. आजूबाजूच्या ट्रॅक्टरवर फ्यूज दिव्याजवळ टांगलेली दिसली की आता मी थांबून बोलते, आणि लोक मला वेड्यात काढतात.

तार अडीच स्क्वेअर एमएमची, बारीक धाग्यांची, गाडीसाठीची. घरगुती वायरिंगची जाड काडीची तार थरथराटाने तुटते म्हणालात. जोड पिळलेला एकही नाही. प्रत्येक टोकाला थिंबल, म्हणजे धातूची टोपी, पक्कडीने नाही तर क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबलेलं, वर स्लीव्ह तापवून बसवलेली. तार सगळी फ्लेक्सिबल पाइपातून, सायलेन्सरपासून लांब, पीटीओच्या शाफ्टपासून लांब, पत्र्यातून जिथे जिथे जाते तिथे रबराची रिंग. दिव्यात शिरायच्या आधी तारेला खाली एक झोल दिलात, पाणी तारेवरून ओघळलं तर झोलाशीच थेंब होऊन पडावं म्हणून. मायनससाठी तुम्ही चालवणाऱ्याच्या संरक्षणाच्या लोखंडी कमानीवर विसंबला नाहीत. रंगामुळे आणि रबराच्या बुशांमुळे तिथे अर्थिंग नीट मिळत नाही, म्हणून मायनसचीही वेगळी तार खालपर्यंत आणली, चेसिसवर रंग खरवडला, दातेरी वायसर घातला आणि वरून पेट्रोलियम जेली. शेवटी परत मीटर. बॅटरीवर १३.९, मागच्या दिव्यावर १३.६.

कमानीचं आठवतं? शेजारचा फॅब्रिकेशनवाला मशीन घेऊन तयारच होता भोक पाडायला. तुम्ही त्याला जवळजवळ हाकललंत. ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याचा जीव त्या कमानीवर असतो. तिला भोक पाडलं किंवा वेल्डिंग केलं की तिची ताकद नेमकी तिथेच कमी होते. यू-क्लॅम्प आणि खाली रबराची पट्टी, एवढंच. आमच्या भागात बांधबंदिस्तीवरून छोटे ट्रॅक्टर किती सहज कलंडतात हे मी तुम्हाला सांगायला नको.

पण माझ्या मते तुमची खरी हुशारी मागच्या दिव्यांच्या जागेत होती. सगळे लोक ते वर, कमानीच्या टोकाला, ब्लोअरकडे तोंड करून लावतात. मीही तेच म्हणत होते. तुम्ही विचारलंत, मागे नेमकं काय पाहायचं असते? मी म्हटलं, नोझल. रात्री एका बाजूची दोन नोझल तुंबली तर कळतच नाही, अर्धी ओळ कोरडी जाते आणि सकाळी पानं पाहिल्यावर डोक्याला हात लावायचा. त्यावर तुम्ही दुकानाच्या मागे नेऊन अंधारात पाण्याच्या पंपाने फवारा मारून दाखवलात. दिवा माझ्या डोक्याच्या मागून धरला तर समोर सगळी पांढरी भिंत, काही दिसेना. तोच दिवा खाली, बाजूला धरला आणि उजेड फवाऱ्याला आडवा गेला, तर प्रत्येक नोझलचा पंख्यासारखा फवारा वेगळा, मागच्या काळोखावर कोरल्यासारखा. म्हणून मागचे दिवे आज मडगार्डच्या खालच्या अंगाला, बाहेरच्या बाजूला आहेत, तोंड किंचित झाडाकडे. आता चालता चालता मान वळवली की कोणतं नोझल तुंबलंय ते दिसतं. पुढचे दोन तुम्ही वर लावलेत, पण पसरट उजेडाचे. बागेत लांबचं पाहायचं नसतं, शेजारची फांदी पाहायची असते.

रंगाचा वाद आपला अर्धाच मिटला. मागे पिवळसर उजेडाचे दिवे घ्या, निळसर पांढऱ्यावर किडे जास्त येतात, असं तुम्ही म्हणालात. घेतले. किडे कमी झाले हे खरं. पण पहिल्या पावसानंतरची पाखरं कोणत्याच रंगाला जुमानत नाहीत. तेवढं तुमच्या खात्यात उणे.

रेडिओचंही सांगते. दीर आकाशवाणी नागपूर लावल्याशिवाय ट्रॅक्टर हलवत नाहीत. स्वस्त दिव्याचं सर्किट रेडिओत खरखर आणतं, म्हणून तुम्ही प्रत्येक दिवा पेटवून शेजारी ट्रान्झिस्टर धरलात आणि एक दिवा परत फळीवर ठेवलात. हे काम बिलात कुठल्या ओळीत धरायचं असतं मला माहीत नाही. तुम्ही धरलंच नव्हतं.

दोन रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, पुढच्या दिव्यांना एक आणि मागच्यांना एक, अगदी सारखे. ३० नंबरच्या पायावर फ्यूजमधून आलेली बॅटरी, ८७ वरून दिव्यांकडे, ८६ वर स्विचची बारीक तार, ८५ बॉडीला. स्विचमधून आता एक अँपिअरही जात नाही, म्हणून तो थंडच राहतो. स्विचचा प्लस तुम्ही चावीच्या पुढे घेतलात, म्हणजे चावी काढली की दिवे आपोआप बंद आणि सकाळी बॅटरी बसलेली नाही. हे सगळं झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने काढून दिलंत. तेव्हा वाटलं, आम्हाला काय करायचंय त्याचं.

पुढे पावसाळ्यात एका रात्री मागचे दिवे गेले. मधल्या ओळीत, टाकीत अर्धं औषध. दीरांनी तुम्ही सांगितल्याप्रमाणे स्विच दाबून कान दिला. 'टक' आवाज आला तर खोट रिलेच्या पुढे, नाही आला तर मागे. आवाज नव्हता. पुढचा रिले काढून मागे घातला, तरी नाही. म्हणजे रिले चांगला, बारीक तारच. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर स्विचखाली पाइपाबाहेर राहिलेल्या बोटभर तुकड्यावर उंदराने दात साफ केले होते. जोडलं आणि टाकी संपवूनच घरी आले. तुम्हाला फोनसुद्धा केला नाही. तुमचं काम असं आहे की बिघडलं तरी तुमची गरज पडत नाही, आणि मला वाटतं तुम्हाला नेमकं हेच हवं असतं.

तुम्ही बजावलेल्या दोन गोष्टी आम्ही पाळतो. डांबरी रस्त्याला लागायच्या आधी मागचे दिवे बंद, कारण मागून येणाऱ्याला पांढरा-पिवळा उजेड दिसला की समोरून गाडी येतेय असं वाटतं. काटोल रोडवर रात्री ट्रक कसे येतात ते ठाऊकच आहे. मागच्या स्विचला म्हणूनच तुम्ही पेटणारी लाल खूण दिली. ब्लोअरला लाल रिफ्लेक्टरही लावून घेतले. आणि मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारलं की दिवे त्याच रात्री साध्या पाण्याने धुतो, कारण मोरचूद ॲल्युमिनिअमची बॉडी खातं. प्रेशरचा पाइप मात्र दिव्यावर धरत नाही. आयपी-६७ म्हणजे धूळ शिरत नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतं, प्रेशरच्या धारेची हमी त्यात नाही, हे तुमचंच वाक्य. मागच्या पात्यांतला चिखलही काढतो. एलईडी पुढून थंड दिसला तरी पाठीमागून तापतो, त्याला वारा लागला पाहिजे.

आमच्या शेजारच्या शेतातले भाऊ येत्या रविवारी त्यांचा ट्रॅक्टर घेऊन तुमच्याकडे येतील. त्यांनी दिवे आधीच विकत घेतलेत, खोक्यावर भलामोठा आकडा आहे आणि तो ते सगळ्यांना वाचून दाखवतात. त्यांना आधी मीटर लावून दाखवा, मग बिल सांगा. त्यांच्यासोबत संत्र्याची एक पेटी पाठवते आहे. दुकानातल्या पोरांनाही द्या, आणि पेटीचे पैसे देऊ नका, भाऊ ते घेणार नाहीत.

तुमची,
काटोल तालुक्यातली एक संत्रा बागायतदार