मोबाइलवरचा स्कोअर वेगळा, बँकेतला वेगळा

मुलाच्या दुचाकीच्या कर्जासाठी गेल्या महिन्यात बँकेत गेलो. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये माझा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारे गुण, ७८१ दिसत होता. कर्ज विभागातल्या बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला, तिथे ७३४! 'काका, तुमचं अ‍ॅप दुसऱ्या कंपनीचा दाखवतं, आम्ही सिबिल बघतो,' एवढंच उत्तर. आपल्याकडे कुठलाही स्कोअर म्हणजे 'सिबिल', जसं कुठलंही वनस्पती तूप म्हणजे 'डालडा'. प्रत्यक्षात सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा स्कोअर काढणाऱ्या चार कंपन्या आहेत. प्रत्येकीचं गणित निराळं, आकडा मात्र सगळ्यांचा ३०० ते ९०० मधलाच. घोळ होतो तो तिथेच. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार या चौघींकडून वर्षातून एकदा आपल्या कर्ज-कार्डांचा सविस्तर अहवाल फुकट मिळतो. मी चारही मागवले. एकात २०१९ मध्येच बंद केलेलं क्रेडिट कार्ड अजून चालू होतं! अ‍ॅपवाल्यांनी आकड्याशेजारी ठळक अक्षरांत कंपनीचं नाव आणि तारीख द्यावी. बँकांनीही आपण कोणाचा स्कोअर पाहतो ते अर्जावरच छापावं, म्हणजे निदान हेलपाटा वाचेल.

– एक वाचक, सातारा